साडीतले नारायणराव ते मोबाईलमधली सून

आम्ही सोनगीरहून बोलतोय. हायवेच्या कडेचं, किल्ल्याखालचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं आमचं गाव तुमच्यापैकी पुष्कळजणींना एसटीच्या खिडकीतून तरी माहीत असेल.

आजचं बोलणं एका भांडणातून निघालंय. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका सुनेनं अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. रक्कम 9,000 रुपये, कारण मोबाईल. आधीचा मोबाईल जुना झाला होता आणि तिला त्यावर व्हिडिओ करायचे असतात. सासूची आणि सुनेची दोन्ही सोंगं ती एकटीच करते, अहिराणीत, चुलीपुढे बसून. मागे पितळी डबे मांडलेले. कधी एखाद्या गाण्यावर चार पावलं नाचतेही. तिचा एक व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला होता. शिलाई मशीनला, शेळीला, खताला कर्ज देताना आम्ही फार विचारत नाही. यावेळी मात्र अर्धा तास कुणी सही करेना. एक जिजी म्हणाल्या, "आते नाचाले बी कर्ज देवानं का?" सून शांतपणे म्हणाली, "मी नाचस, चोरी नै करस." बैठक तिथेच मोडली.

त्या रात्री आम्ही तिघीचौघी ओट्यावर बसलो आणि गोष्ट मागे मागे जात राहिली. नटनट्यांवर आपण एवढा जीव लावतो, त्यांच्यासारखी साडी नेसतो, त्या गेल्या की रडतो. मग आपल्याच गल्लीतली बाई पडद्यावर दिसली की आपल्या पोटात का दुखतं? याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात बायकांनी कसं दिसावं, हे एका पुरुषाकडे बघून ठरायचं. त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म 1888चा. लहानपणी ते काही काळ जळगावला शिकायला होते आणि तिथे गाणंही शिकले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, ते आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि 1913 साली त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नाटकात ते नेहमी नायिका व्हायचे. त्यांचं नऊवारी नेसणं, अंबाड्यातला गजरा, पदर सावरण्याची ढब, हे सगळं पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका उचलायच्या. खऱ्या बाईनं स्टेजवर जाणं म्हणजे कलंक, आणि स्टेजवरच्या पुरुषाकडे बघून घरात नटणं म्हणजे सुसंस्कृतपणा! आपल्या पणज्या त्या नाटकांना गेल्या नसतील. तिकीट परवडणारं नव्हतं आणि जायला सोबत नव्हती. पण लग्नाकार्यात शहरातून आलेल्या पाहुणीचं नेसणं बघून गावातल्या बायका शिकतात, हे आपल्याला सांगायला नको.

बालगंधर्वांची एक गोष्ट मोठ्या आदरानं सांगतात. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरी ते रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट मनात ठेवा, कारण अशीच एक गोष्ट पुढे एका बाईची येणार आहे.

हेच बालगंधर्व 1935 साली सिनेमात आले. प्रभात कंपनीचा ‘धर्मात्मा’, त्यात ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुषाच्याच वेषात. ज्या लोकांनी वीस-पंचवीस वर्षं त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांना ते रूप काही रुचलं नाही, आणि बालगंधर्व पुन्हा नाटकाकडे वळले. लोकांचं प्रेम त्या साडीतल्या रूपावर, समोर बसून ऐकलेल्या गाण्यावर होतं. पडद्यावरचा मिशीवाला माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

सिनेमाची सुरुवातही अशीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तो 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. फाळके नाचगाण्याच्या वस्तीतही विचारून आले, पण तिथल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी अण्णा साळुंखे नावाच्या, हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या तरुणाला तारामती केलं. पुढे 1917च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंख्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. पडद्यावर राम आला की लोक हात जोडायचे, पायातल्या चपला काढायचे म्हणतात. काल हॉटेलात डाळ शिजवणारा माणूस आज देव झाला आणि त्याला कुणी जात-कूळ विचारलं नाही.

बाईला मात्र विचारलं. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनी काम केलं. भारतीय सिनेमातल्या त्या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, लेकीला एकटीनं वाढवणाऱ्या. नाटका-सिनेमात काम केलं म्हणून समाजानं त्यांना दूर लोटलं. एकटी बाई पोट भरायला बाहेर पडली की तिच्याबद्दल काय बोललं जातं, हे आपल्या गटातल्या चौघीपाचजणी अनुभवानं सांगतील.

आता हंसा वाडकर. 1941 साली त्या ‘संत सखू’ झाल्या. 1947 साली त्याच ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये तमाशातली बाई झाल्या. 1959 साली ‘सांगत्ये ऐका’ आला, तो तमाशाचाच सिनेमा, आणि पुण्यात तो दोन वर्षांहून जास्त एकाच टॉकीजमध्ये चालला. बाई तीच, पण सखूचं काम केलं की हात जोडायचे आणि घुंगरू बांधले की डोळे मिचकावायचे. पुढे हंसाबाईंनी आपली जीवनकथा सांगितली, त्या पुस्तकाचं नावही ‘सांगत्ये ऐका’च आहे. मारहाण, दारू, आपल्याच कमाईवर आपला हक्क नसणं, हे सगळं त्यांनी न लपवता सांगितलंय. नावाजलेल्या बाईच्या घरात काय चालतं, हे महाराष्ट्रानं तेव्हा पहिल्यांदा इतकं उघड वाचलं. ज्या गटाकडे वाचनपेटी असेल त्यांनी ते जरूर मागवावं. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

पुरुष नटाचं मात्र वेगळं. विष्णुपंत पागनीस आधी नाटकात बायकांची कामं करायचे. 1936 साली ते प्रभातचे ‘संत तुकाराम’ झाले. मुंबईला तो सिनेमा वर्षभर हलला नाही, आणि पुढच्या साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्यानंतर तुकोबा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पागनीसच येऊ लागले. आपल्या देवघरातल्या, कॅलेंडरवरच्या तुकारामाचा चेहराही पुष्कळदा त्यांच्याच वळणाचा असतो. नटाची पूजा व्हावी आणि पूजा करणाऱ्याला ते ठाऊकही नसावं, ही गंमत सिनेमानंच केली.

आता तमाशाकडे येऊ. खानदेशात तमाशाचं वेड जुनं. सारंगखेड्याची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी जितकी प्रसिद्ध, तितकीच तंबूंसाठीही. आमच्या आज्या सांगायच्या, घरचे पुरुष रात्री तमाशाला जायचे आणि सकाळी तेच पुरुष तमाशाच्या बाईंना विहिरीवर पाणी भरू द्यायला कां-कूं करायचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तमाशासम्राज्ञी म्हणायचे त्यांना. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई. त्यांची गोष्ट अशी सांगतात की दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तंबूच्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. पुढे बसलेल्या लोकांना जेव्हा कळलं, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं.

आम्ही बालगंधर्वांची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती ती यासाठी. दोघांच्याही घरात त्या दिवशी केवढं घडत होतं आणि दोघंही लोकांपुढे उभे राहिले. नारायणरावांना पद्मभूषण मिळालं. विठाबाई 2002 साली गेल्या, शेवटच्या आजारपणात उपचारालाही पैसा पुरत नव्हता. आणखी एक बघा. नारायणरावांना आपण ‘राव’ लावतो. तमाशातल्या बाईला फक्त ‘बाई’. आक्का नाही, ताई नाही, माय नाही. नातं जोडायचंच नाही असं ठरवल्यावर उरतं ते ‘बाई’.

नात्याचा विषय निघाला म्हणून आवाजाकडे येतो. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. लता मंगेशकरांच्या आई या थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. म्हणजे लताबाईंचं आजोळ आपल्या शेजारचं. आजीकडून ऐकलेली गुजराती गाणी त्यांना लहानपणापासून येत होती. तर 1949 साली ‘महाल’ सिनेमा आला. त्यातलं गाणं देशभर गाजलं, पण रेकॉर्डवर गाणारीचं नाव नव्हतं. ‘कामिनी’ असं सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारू लागले, ही गाते कोण? त्यानंतर गायकाचं नाव सांगण्याची पद्धत रुळत गेली. आपण कष्ट करतो आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

रेडिओवर तोंड दिसत नाही, म्हणून नातं जुळायला सोपं गेलं असं आम्हाला वाटतं. भाकरी थापताना, कपाशी वेचताना, दळण निवडताना आवाज सोबत असतो. त्याच्यासाठी डोक्यावरचा पदर सारखा करावा लागत नाही. 1952 साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सायानी बहिणींना आधी आणि भावांना नंतर हाक मारायचे. घरात रेडिओ नवऱ्याच्या नावावर, त्याचा परवानाही नवऱ्याच्या नावावर, पण त्या डब्यातला माणूस आधी आपल्याला हाक मारतोय! फर्माइशीची पत्रं पाठवणारं झुमरीतलैया नावाचं गाव तर तेव्हाच्या बिहारातल्या एका कोपऱ्यातून देशभर ओळखीचं झालं. आकाशवाणी जळगावला पत्र टाकून आपलं नाव ऐकण्यासाठी रेडिओला कान लावून बसलेल्या बायका आमच्या गावातही आहेत. त्यातली एक आमची थोरली सभासद. पत्र तिनं लिहवून घेतलं होतं पोस्टमनकडून, कारण तिला लिहिता येत नव्हतं. नाव लागलं तेव्हा ती शेतात होती. ऐकलं शेजारणीनं. लताबाईंना अख्ख्या देशानं ‘दीदी’ केलं. एकदाही न भेटता थोरली बहीण मिळाली.

शिरपूरचं नाव घेतलं की स्मिता पाटील आलीच. जन्म पुण्याचा, 1955चा, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यलढ्यातले आणि पुढे मंत्री झालेले. म्हणून खानदेशासाठी ती आपलीच पोर. मुंबईचं दूरदर्शन केंद्र 1972 साली सुरू झालं आणि काही काळातच स्मिता तिथे मराठी बातम्या सांगू लागली. वर साडी आणि खाली जीन्स असायची, कारण पडद्यावर कमरेपर्यंतच दिसायचं. मुंबईकरांना ती बातम्यांतून आधी कळली. आपल्याकडे तेव्हा टीव्ही कुठला! आपल्याला ती सिनेमातून कळली, तीही सावळी, बिनभपक्याची, आपल्यातल्या कुणासारखीही दिसणारी.

1976चा ‘मंथन’ हा गुजरातच्या दूध उत्पादकांचा सिनेमा. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून दहा लाख उभे राहिले आणि सिनेमा झाला. पुढे तेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला गेले. बचत गटाच्या बायकांना हा हिशोब लगेच पटेल. त्यात स्मिता गावातली बाई झाली होती. 1977 साली तिनं ‘भूमिका’ केला, तो हंसा वाडकरांच्याच जीवनकथेवरून. म्हणजे ज्या नटीनं आपलं दुखणं पुस्तकात सांगितलं, ते आपल्या शिरपूरच्या पोरीनं पडद्यावर जगून दाखवलं, आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1982च्या ‘उंबरठा’त ती घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते. तो सिनेमा आम्ही गटाच्या बायकांना एकदा प्रोजेक्टरवर दाखवला. अर्ध्याजणी तिच्या बाजूनं आणि अर्ध्याजणी म्हणत होत्या, लेकराला सोडून जायला नको होतं. स्वयंपाकाची वेळ टळली तरी वाद संपेना.

13 डिसेंबर 1986 रोजी स्मिता गेली. वय 31. मुलगा झाल्याला पंधरा दिवस झाले होते. आमच्या गावातल्या वडीलधाऱ्या बायका आजही तिचा उल्लेख ‘ती बाळंतपणात गेलेली’ असाच करतात. सिनेमांची नावं त्यांना आठवत नाहीत. एवढी शिकलेली, मुंबईच्या दवाखान्यातली, तरी वाचली नाही, हे त्यांच्या मनात रुतलंय, कारण प्रत्येकीच्या घरात अशी एक आहे.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1987मध्ये, टीव्हीवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी अंघोळी करून, टीव्हीला हार घालून लोक बसायचे. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या ओसरीत सगळी गल्ली. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. सीतेचं काम करणाऱ्या दीपिका चिखलिया 1991 साली बडोद्याहून खासदार म्हणून निवडूनही आल्या. लंकादहन बघताना चपला काढणारे लोक आणि हे लोक यांच्यात सत्तर वर्षांचं अंतर, पण हात तसेच जोडलेले. फरक एवढाच की देव आता घरात येऊन बसला होता, आणि बाईला त्यासाठी घराबाहेर पडण्याची परवानगी मागावी लागत नव्हती.

टीव्हीनं मग नातीच घरात आणली. 2004 साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि आदेश बांदेकर सगळ्या महाराष्ट्राचे ‘भावोजी’ झाले. परका पुरुष घरात यायचा, नवऱ्यादेखत बायकोशी थट्टा करायचा, तिला पैठणी द्यायचा, आणि कुणाला काही वाटायचं नाही, कारण तो भावोजी होता. त्या कार्यक्रमाची नक्कल गावोगाव निघाली. निवडणुका जवळ आल्या की पैठणीचे खेळ हमखास होतात. आम्हीही गेलोय. हसलोय, फुगे फोडलेत, दोघींना बक्षिसंही मिळालीत. पण पैठणी कोण देतंय आणि कशासाठी, हे आमच्या जिजी बरोबर ओळखतात. "साडी लेवानी, मत आपलं आपलं देवानं," म्हणतात.

आणि आता मोबाईल. नाटकात नट दूर उजेडात होता आणि आपण अंधारात. सिनेमात तो भिंतीएवढा होता. रेडिओवर कानाशी, टीव्हीवर ओसरीत. मोबाईलमध्ये तो मुठीत आहे, आणि पहिल्यांदाच तो आपल्यातला असू शकतो. मालेगावचे लोक यंत्रमाग चालवता चालवता स्वतःचे सिनेमे काढतात, हे जगानं पाहिलं. तिथल्या छोटू दादाचे व्हिडिओ देशभर पाहतात. अहिराणी गाणी पुण्या-मुंबईच्या वरातीत वाजतात, शब्द न कळणारेही त्यावर नाचतात. शाळेत अहिराणी बोललं म्हणून आमच्यातल्या कितीजणींनी छड्या खाल्ल्या होत्या.

पण मुठीतल्या नटीला एक गोष्ट सोसावी लागते, जी दीदींना आणि भावोजींना सोसावी लागली नाही. तिला पाहणारे तिच्याच गल्लीत राहतात. व्हिडिओखाली जो घाण लिहितो, तो सकाळी दुधाच्या डेअरीवर भेटतो. तमाशातल्या बाईला निदान दुसऱ्या दिवशी तंबू हलवून पुढच्या गावाला जाता यायचं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं, इतकं सविस्तर नाही, पण विठाबाईंचं आणि स्मिताचं सांगितलं. सगळ्यांना पटलं असं म्हणणार नाही. एकीनं विचारलं, हप्ता थकला तर व्हिडिओ विकून भरणार का? प्रश्न योग्यच होता. सुनेनं मागच्या सहा महिन्यांच्या शिलाईचा हिशोब पुढे ठेवला आणि हप्ता त्यातूनच जाईल असं सांगितलं. दुसरीनं विचारलं, नवऱ्याला विचारलं का? त्यावर जिजीच बोलल्या, "तुनी शेळी लिधी तव्हय तुना नवराले इचारं व्हतं का आम्ही?" सगळ्या हसल्या.

9,000 रुपये, दोन टक्के व्याज, दहा हप्ते. अकरा सभासदांपैकी नऊजणींनी सही केली, दोघींनी केली नाही. इतिवृत्तात कर्जाचं कारण काय लिहायचं, यावर पुन्हा दहा मिनिटं गेली. कुणी म्हणालं ‘घरगुती’ लिहा, कुणी म्हणालं ‘शिक्षण’. शेवटी सचिवानं ‘व्यवसाय’ असं लिहिलं. पहिला हप्ता या महिन्याच्या दहा तारखेला आला. त्या दिवशी सुनेनं जिजींना विचारलं, पुढच्या व्हिडिओत सासू व्हाल का? जिजी अजून हो म्हणालेल्या नाहीत. कोणती साडी नेसायची, एवढं मात्र विचारून गेल्या.